कॅमेऱ्याने काय ठेवले, काय टाकले? : वाचकांचे प्रश्न

रॉ फाइल (सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश नोंदवणाऱ्या भागाची, न घडवलेली नोंद), जेपेग (त्यावरून घडवलेले, दाबून लहान केलेले तयार चित्र) आणि एक्स्पोजर (सेन्सरपर्यंत किती प्रकाश पोचू द्यायचा ते) या विषयांवर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी एकमेकांशी जोडलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची अनेक पत्रे एका प्रश्नात सामावून घेतली आहेत.

प्रश्न : मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून अलीकडे जेपेगऐवजी रॉ फाइल घेऊ लागलो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र उठावदार दिसते, पण संगणकावर तीच फाइल उघडली की ती फिकी आणि धूसर वाटते. कार्डे मात्र दुप्पट-तिप्पट वेगाने भरतात. रॉचा दर्जा वरचा म्हणतात, तो नेमका कुठे असतो?
– एक वाचक, मिरज

उत्तर : कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर आपण पाहता ते रॉ नव्हे. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानेच तयार केलेले एक जेपेग ठेवलेले असते आणि पडद्यावर तेच दिसते. त्यात निर्मात्याच्या पसंतीचा उठाव, रंगांचा गडदपणा आणि कडांची धार आधीच घातलेली असते. संगणकावरील प्रणाली बहुधा प्रथम हे जेपेग क्षणभर दाखवते आणि मग मूळ आकड्यांवरून स्वतःचे चित्र उभे करते, म्हणून उघडताना छान दिसलेले चित्र पाहता पाहता उतरल्यासारखे वाटते. या फिकेपणाचे कारण रॉमध्ये शोधू नये, कारण तो त्या प्रणालीने निवडलेल्या सुरुवातीच्या मांडणीचा परिणाम आहे. कॅमेऱ्यातील पिक्चर स्टाइलशी, म्हणजे उठाव आणि रंगांच्या तयार मांडणीशी, जुळणारे प्रोफाइल प्रणालीत निवडल्यास हा फरक बराचसा मिटतो.

दर्जा कुठे असतो हे समजण्यासाठी सेन्सर काय नोंदवतो ते पाहावे लागते. सेन्सरवरील बिंदूला रंग कळत नाही, आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच त्याला कळते. रंग कळावा म्हणून प्रत्येक बिंदूवर तांबडा, हिरवा किंवा निळा असा एकेक सूक्ष्म फिल्टर बसवतात. निम्मे बिंदू हिरवे, पाव तांबडे आणि पाव निळे ही आज बहुतेक कॅमेऱ्यांत आढळणारी रचना ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची असून तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. याचा अर्थ असा की २४ मेगापिक्सेलच्या चित्रातील प्रत्येक बिंदूच्या तीन रंग-आकड्यांपैकी एकच प्रत्यक्ष मोजलेला असतो आणि उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून बांधलेले अंदाज असतात. रॉ फाइलमध्ये फक्त मोजलेला आकडा असतो, तर जेपेग तयार होईपर्यंत अंदाज बांधून झालेले असतात, रंग ठरवून झालेले असतात आणि पुष्कळसे टाकूनही झालेले असते.

आता आकड्यांची बारकाई पाहू. जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी ८ बिट असतात, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. रॉमध्ये १२ बिट असतील तर ४,०९६ आणि १४ बिट असतील तर १६,३८४ पायऱ्या मिळतात. डोळ्यांना सुखावणारे तयार चित्र दाखवायला २५६ पायऱ्या पुरतात. चित्राची ओढाताण करायची वेळ आली की त्या अपुऱ्या पडतात. मंगल कार्यालयात एकीकडून पिवळा दिवा, दुसरीकडून निळसर एलईडी आणि मधूनच व्हिडिओवाल्याचा झोत अशी अवस्था असते. तेथे कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाचा रंग ओळखून पांढरे पांढरेच दाखवण्याची जुळणी, चुकवला आणि आपण जेपेग घेतलेले असेल, तर निळ्या रंगाच्या जेमतेम उरलेल्या पायऱ्या ताणून त्वचेचा रंग सुधारावा लागतो आणि गालांवर डाग पडतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फाइलला जोडलेली निव्वळ एक सूचना असते. मोजलेल्या आकड्यांना तिने हात लावलेला नसतो, त्यामुळे ती नंतर बदलण्यात काहीही गमवावे लागत नाही.

कार्डे भरण्याचा हिशेबही सरळ आहे. २४ मेगापिक्सेल गुणिले १४ बिट म्हणजे दाबून न भरलेली फाइल सुमारे ४२ मेगाबाइटची होते. माझे मत विचाराल तर दिवसभर सरसकट रॉ घेण्याची गरज नाही. मंगलाष्टका, सप्तपदी, पाठवणी यांसाठी आणि अवघड प्रकाशातील प्रत्येक प्रसंगासाठी रॉ घ्यावी. मांडवातील एकसारख्या उजेडात आहेर देणाऱ्यांची रांग टिपायला जेपेग उत्तम चालते.

प्रश्न : रॉमध्ये उडालेले हायलाइट्स, म्हणजे पांढरेफटक झालेले अति उजळ भाग, परत आणता येतात असे ऐकले होते. भाट्ये किनाऱ्यावर भर दुपारी काढलेल्या छायाचित्रांत ढग पांढरेफटक आले. स्लायडर ओढल्यावर काही ठिकाणी ढगांचा आकार परतला, पण काही भाग नुसता करडा झाला आणि एका जुन्या प्रणालीत तर तो गुलाबी दिसला. शिवाय ‘एक्स्पोजर उजवीकडे न्या’ असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. मग ढग उडणारच ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सेन्सरच्या प्रत्येक बिंदूची प्रकाश साठवण्याची मर्यादा ठरलेली असते. ती भरली की त्यापुढे कितीही प्रकाश आला तरी नोंद तीच राहते. १४ बिटांच्या फाइलमध्ये ढगाच्या शेजारशेजारच्या दहा हजार बिंदूंवर एकच कमाल आकडा लिहिलेला असेल, तर त्यांच्यात फरक काय होता हे कोणतीही प्रणाली सांगू शकत नाही. ‘परत आणणे’ ज्याला म्हणतात ते दोन वेगळ्या प्रसंगी घडते, आणि आपल्या छायाचित्रांत ते दोन्ही प्रसंग आलेले दिसतात.

पहिल्या प्रसंगात रॉमधील आकडे अजून भरलेले नसतात, पण जेपेग बनवताना कॅमेऱ्याने दिलेल्या उठावामुळे ते पांढऱ्यात ढकलले गेलेले असतात. येथे मुळात काही हरवलेलेच नसते आणि ढगाचा आकार पूर्ण रंगासह परततो. दुसऱ्या प्रसंगात तीनपैकी एक रंग भरून गेलेला असतो आणि दोन शाबूत असतात. दिवसाच्या उजेडात बहुतेक सेन्सरांवर हिरवा रंग सर्वांत आधी भरतो, कारण त्या प्रकाशात सेन्सर हिरव्याला अधिक संवेदनशील असतो. पुढे व्हाइट बॅलन्ससाठी तांबडा आणि निळा यांना एकाहून मोठ्या आकड्यांनी गुणले जाते, हिरवा मात्र भरल्या जागी अडकून राहतो, आणि तांबडे-निळे वरचढ झाल्याने ढग गुलाबी होतो. आजच्या प्रणाली हे ओळखतात आणि उरलेल्या दोन रंगांवरून आकार तेवढा काढून तो भाग करडा ठेवतात. आपल्याला करड्या रंगाचा जो ढग मिळाला तो असा अर्धा वाचलेला ढग आहे. तिन्ही रंग भरले असते तर आकारही मिळाला नसता.

येथे कॅमेऱ्यातील हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातील किती बिंदू किती उजळ आहेत हे डावीकडे काळे ते उजवीकडे पांढरे असे दाखवणाऱ्या आलेखाचा, प्रश्न येतो. रॉ घेत असतानाही तो आलेख त्याच अंतर्गत जेपेगवरून काढलेला असतो आणि लुकलुकणारा हायलाइटचा इशाराही तसाच. त्यामुळे इशारा सुरू झाला तरी रॉमध्ये अजून थोडी जागा शिल्लक असते. ती कॅमेऱ्यागणिक आणि प्रकाशागणिक बदलते, पण साधारण अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) धरायला हरकत नाही. पिक्चर स्टाइल ‘न्यूट्रल’ किंवा ‘फ्लॅट’ ठेवून कॉन्ट्रास्ट कमी केल्यास आलेख रॉच्या अधिक जवळ येतो. काही हौशी लोक व्हाइट बॅलन्सचे सर्व गुणक एकच्या आसपास आणून ठेवतात. त्याने आलेख जवळजवळ खरा होतो, पण पडद्यावरचे प्रत्येक चित्र शेवाळासारखे हिरवे दिसते आणि ते लग्नघरी कोणाला दाखवायची सोय राहत नाही.

याच्या उलट एक फसवणूकही असते. सर्व रंगांची एकत्र उजळता दाखवणारा एकेरी आलेख भगव्या फेट्यासमोर किंवा गुलालासमोर निर्धास्त दिसतो, कारण त्या रंगांची सरासरी उजळता मध्यम असते. तांबडा रंग मात्र तोवर काठोकाठ आलेला असतो आणि फेट्याच्या घड्या पुसल्या जाऊन नुसता भगवा ठिपका उरतो. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. मिरवणुकीला जाण्यापूर्वी ती जरूर सुरू करावी.

आता ‘उजवीकडे न्या’ या सल्ल्याविषयी. कॅनेडियन छायाचित्रकार मायकेल राइशमन यांनी २००३ साली, फोटोशॉपच्या जनकांपैकी एक असलेल्या टॉमस नोल यांच्याशी झालेल्या चर्चेच्या आधाराने, तो प्रथम ठळकपणे मांडला. तेव्हाचे कारण असे होते की रॉमधील आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात वाढतात, त्यामुळे १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या म्हणजे ८,१९२ पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळतात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, आणि सावल्यांपर्यंत पोचेतो पायऱ्या थोड्याच उरतात. म्हणून आलेख उजवीकडे सरकवावा. सल्ला उपयोगी निघाला, पण त्याचे खरे कारण पायऱ्यांच्या संख्येत नाही. प्रकाश कणाकणांनी येतो आणि तो येण्यातच एक अनियमितता असते. पावसाच्या पहिल्या शिडकाव्यात अंगणातील एका फरशीवर सात थेंब पडतात आणि शेजारच्या फरशीवर तीन. पाऊस तासभर कोसळल्यावर मात्र कोणत्या फरशीवर अधिक पाणी पडले हे सांगता येत नाही. सेन्सरवरही तसेच घडते. एका बिंदूवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडले तर त्यांतील चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० असतो, आणि तो एक टक्का भरतो. १०० कणच पडले तर चढउतार १० असतो, पण तो दहा टक्के होतो. सावल्यांत दिसणारा नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, मुख्यतः हा असतो. सेन्सरवर प्रकाश चौपट पडला की सापेक्ष नॉइज निम्मा होतो, आणि उजवीकडे जाण्याचा सगळा लाभ एवढाच आहे.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. लाभ अधिक प्रकाशाचा आहे, आणि प्रकाश वाढतो तो शटर अधिक वेळ उघडे ठेवल्याने किंवा ॲपर्चर, म्हणजे भिंगातील प्रकाश आत घेणारे छिद्र, मोठे केल्याने. आयएसओ, म्हणजे झालेली नोंद किती वाढवायची हे ठरवणारा आकडा, वाढवून आलेख उजवीकडे सरकवला तर सेन्सरवर एकही कण जास्त पडत नाही. झालेल्या नोंदीची फक्त वाढ होते आणि वरची जागा मात्र कमी होते. हातात कॅमेरा असताना शटर आणि ॲपर्चर दोन्ही मर्यादेला पोचले असतील तर आयएसओ अवश्य वाढवावा, विशेषतः काही जुन्या कॅमेऱ्यांत, जेथे कमी आयएसओवर घेतलेली अंधारी फाइल नंतर उजळताना पट्टे दिसू लागतात. अलीकडच्या अनेक सेन्सरांत मात्र आयएसओ ८०० वर घेणे आणि त्याच शटर-ॲपर्चरने आयएसओ १०० वर घेऊन नंतर तीन स्टॉप उजळणे यांत फारसा फरक राहत नाही. उलट दुसऱ्या मार्गाने दिव्यांचे झोत वाचतात.

तेव्हा आपल्या ढगांसाठी नियम उलट दिशेने लावावा. ज्या सर्वांत उजळ भागातील तपशील हवा आहे तो भरणार नाही इतकेच उजवीकडे जावे, त्यापुढे जाऊ नये. पाण्यावर चमकणारा सूर्य उडाला तर उडू द्यावा, तेथे पाहण्यासारखे काही नसतेच. भर दुपारी ढग आणि माडांखालची सावली यांतील अंतर फार वाटले तर ढग सांभाळावेत आणि सावली नंतर उजळावी, कारण नॉइज कमी करता येतो, पण भरून गेलेल्या बिंदूचा आकडा परत मिळवता येत नाही.

प्रश्न : आषाढी वारीत पांढऱ्या सदऱ्या-धोतरातील वारकऱ्यांचे कपडे माझ्या छायाचित्रांत करडे येतात. याउलट काळ्या पाषाणातील शिल्पे धुरकट, राखाडी दिसतात. मीटर बिघडला असेल का?
– एक वाचक, फलटण

उत्तर : मीटर बिघडलेला नाही. कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतो आणि समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून एक्स्पोजर सुचवतो. छायाचित्रकारांच्या जुन्या संकेतात हा करडा म्हणजे त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत पाठवणारा पृष्ठभाग. स्वच्छ धुतलेले धोतर त्याच्या चौपटीहून अधिक, म्हणजे दोन स्टॉपपेक्षा थोडा जास्त प्रकाश परतवते, आणि काळा बसॉल्ट चार-पाच टक्के, म्हणजे सुमारे दोन स्टॉप कमी. मीटर दोघांनाही १८ टक्क्यांकडे ओढतो, म्हणून पांढरे मळते आणि काळे विटते.

निकॉनने १९८३ साली एफए या कॅमेऱ्यात चौकटीचे पाच भाग पाडून मोजण्याची पद्धत आणली, आणि आजचे मीटर त्याच दिशेने बरेच पुढे गेलेले आहेत. तरी संपूर्ण चौकट पांढऱ्या दिंडीने भरली की त्यांचाही अंदाज चुकतो. सर्वसाधारण मीटरिंगवर दिंडीसाठी अधिक दोन-तृतीयांश ते अधिक सव्वा स्टॉप एवढे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने सुचवलेल्या एक्स्पोजरमध्ये केलेली वाढ-घट, द्यावे. शिल्पाने चौकट व्यापली असेल तर उणे एक किंवा थोडे जास्त द्यावे. स्पॉट मीटरिंग, म्हणजे चौकटीतील एका लहानशा ठिकाणापुरती मोजणी, थेट कपड्यावर धरत असाल तर अधिक दोनच्या आसपास जावे आणि तिन्ही रंगांचे आलेख पाहून थांबावे.

रॉ घेत असाल तर शिल्पांच्या बाबतीत एक सवलत आहे. मीटरने राखाडी दिलेली फाइल, तिच्यात काही उडालेले नसेल तर, नंतर गडद करता येते, आणि जास्त प्रकाश मिळालेला असल्यामुळे दगडाचा पोत उलट स्वच्छ येतो. वारकऱ्यांच्या बाबतीत ही सवलत नाही. करडे आलेले धोतर उजळता येते, पण त्यासोबत टोपीखालच्या चेहऱ्यावरील नॉइजही तितकाच उजळ होतो.

प्रश्न : माझ्या कॅमेऱ्यात रॉसाठी ‘अनकंप्रेस्ड’, ‘लॉसलेस कंप्रेस्ड’ आणि ‘कंप्रेस्ड’ असे तीन पर्याय आहेत. रॉ म्हणजे काहीच न टाकलेली फाइल असेल तर तिच्यात कंप्रेशन कसे, आणि कोणता पर्याय ठेवावा?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ‘लॉसलेस कंप्रेस्ड’ ठेवावा, आणि निश्चिंत राहावे. आकाशाच्या सलग भागात शेजारच्या बिंदूंचे आकडे फारसे बदलत नाहीत. तेथे प्रत्येक आकडा पूर्ण लिहिण्याऐवजी मागच्यापेक्षा किती फरक आहे एवढेच लिहिले तरी पुरते, आणि वारंवार येणाऱ्या फरकांना आखूड संकेत देता येतात. फाइल उघडल्यावर मूळ आकडे एकेक करून जसेच्या तसे परत मिळतात. अनकंप्रेस्ड फाइलमध्ये यापेक्षा अधिक असे काहीही नसते. क्वचित एखादी जुनी प्रणाली दाबलेली फाइल वाचत नसेल तरच तो पर्याय निवडण्याला अर्थ आहे.

नुसत्या ‘कंप्रेस्ड’ पर्यायात मात्र काहीतरी टाकले जाते, आणि काय टाकायचे हे प्रत्येक कंपनीने आपापल्या रीतीने ठरवले आहे. निकॉनच्या पद्धतीत उजळ भागातील जवळजवळच्या पायऱ्या एकत्र केल्या जातात. त्यामागचा विचार चतुर आहे : ढगांविषयीच्या उत्तरात पाहिल्याप्रमाणे प्रकाश भरपूर असतो तेथे प्रकाशकणांचा स्वाभाविक चढउतार आकड्याने मोठा असतो, आणि त्या चढउताराहून बारीक पायऱ्या ठेवून काहीच साधत नाही. प्रत्यक्षात हा तोटा डोळ्यांना सापडणे जवळजवळ अशक्य आहे.

सोनीची जुनी पद्धत अधिक कठोर होती. एकाच रंगाच्या सोळा बिंदूंचा एक गट करून त्यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा प्रत्येकी ११ बिटांत लिहायचा, त्यांच्या जागा चार-चार बिटांत आणि उरलेल्या चौदा बिंदूंचे अंतर प्रत्येकी ७ बिटांत, अशी ती मांडणी आहे. बेरीज बरोबर १२८ बिट होते, म्हणजे बिंदूमागे एक बाइट, आणि २४ मेगापिक्सेलची फाइल नेहमी २४ मेगाबाइटच्या आसपास भरते. नेहमीच्या चित्रात याचा त्रास जाणवत नाही. पण गटातील एक बिंदू लख्ख उजळ आणि बाकीचे काळोखात असतील तर सात बिटांना ते अंतर बारकाईने मोजता येत नाही, आणि रात्रीच्या आकाशातील ताऱ्यांच्या रेघांभोवती खडबडीत किनार दिसू लागते. छायाचित्रकारांच्या तक्रारींनंतर कंपनीने २०१५ साली अनकंप्रेस्ड पर्याय दिला आणि २०२१ च्या अल्फा १ या कॅमेऱ्यापासून लॉसलेसही. तेव्हा आपला विषय तारे, आतषबाजी किंवा रात्रीची रोषणाई असेल तर ‘कंप्रेस्ड’ टाळावे; एरवी क्रीडास्पर्धेत सलग छायाचित्रांचा वेग हवा असेल तर तो वापरण्यात गैर काही नाही.

प्रश्न : घरातील जुन्या छायाचित्रांचे स्कॅन जेपेगमध्ये ठेवले आहेत. जेपेग फाइल दर वेळी उघडल्यावर थोडी खराब होते, असे कोणीतरी सांगितल्यापासून त्या उघडायचीच भीती वाटते. जेपेगमध्ये नेमके काय नष्ट होते?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : फाइल पाहिल्याने, तिची प्रत काढल्याने किंवा ती दुसऱ्या डिस्कवर नेल्याने तिच्यात काहीही बदलत नाही. आपण मनमुराद उघडून पाहा. नुकसान होते ते चित्रात बदल करून पुन्हा जेपेग म्हणून जतन करताना, कारण तेव्हा टाकण्याची क्रिया नव्याने घडते.

ती क्रिया अशी. प्रथम चित्राची उजळता वेगळी आणि रंग वेगळे केले जातात. डोळा उजळतेतील बारकावे फार टिपतो आणि रंगांतील कमी, म्हणून रंगांची माहिती बहुधा चार बिंदूंमागे एकदाच ठेवतात. एवढ्यानेच फाइल निम्मी होते. कृष्णधवल छायाचित्रांचे यात काही बिघडत नाही, पण पैठणीच्या लाल काठावरची बारीक हिरवी नक्षी कडेला एकमेकींत मिसळलेली दिसते ती यामुळे. नंतर चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांचे रूपांतर वेगवेगळ्या वारंवारतेच्या ६४ लहरींच्या प्रमाणात करतात. या रूपांतराची कल्पना मूळचे बंगळूरचे असलेले नासिर अहमद यांनी अमेरिकेत कॅन्ससमध्ये शिकवत असताना मांडली. १९७२ साली त्यांनी त्यासाठी मागितलेले संशोधन-अनुदान मंजूर झाले नाही, तरी त्यांनी काम चालू ठेवले आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जेपेगचे मानक १९९२ साली मान्य झाले ते याच पायावर.

रूपांतराने काही हरवत नाही. हरवते ते पुढच्या पायरीत, जेथे त्या ६४ आकड्यांना ठरावीक संख्यांनी भागून पूर्णांक केले जातात. बारीक लहरींना मोठ्या संख्येने भागतात, त्यामुळे त्यांतील बहुतेक शून्य होतात, आणि शून्यांची लांब रांग थोडक्यात लिहिता येते. जतन करताना आपण ‘क्वालिटी’चा जो आकडा निवडतो तो या भाजकांचा संच ठरवतो. हा आकडा सार्वत्रिक नसतो. एका प्रणालीत तो शंभरपैकी असतो, फोटोशॉपमध्ये बारापैकी, आणि एकीतील ९० म्हणजे दुसरीतील ९० असेही नाही. भाजक फार मोठे झाले की शेजारच्या चौकोनांचे सांधे दिसू लागतात आणि अक्षरांभोवती किंवा छपराच्या कडेभोवती डासांच्या घोळक्यासारखे ठिपके उठतात.

आपण मूळ स्कॅन तसेच ठेवावेत आणि दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी. दुरुस्ती अनेक बैठकांत चालणार असेल तर मधल्या टप्प्यांत टिफमध्ये, म्हणजे चित्रातील काही न टाकणाऱ्या फाइल-प्रकारात, जतन करावे आणि जेपेग शेवटी एकदाच काढावे. फिकट झालेल्या छायाचित्रांचे नव्याने स्कॅन करणार असाल तर स्कॅनर देत असल्यास १६ बिटांचा टिफ घ्यावा, कारण फिकट चित्राला उठाव देणे म्हणजे थोड्या पायऱ्या ताणणेच होय, आणि आठ बिटांत तेथे पट्टे पडतात. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ती छायाचित्र म्हणून पाठवली तर त्यांचे माप घटते आणि ती पुन्हा दाबली जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ फाइल पोचते. नातेवाइकांकडे पोचलेली दाबलेली प्रत परत मागवून तिलाच मूळ मानण्याचा प्रकार मात्र घरोघर घडतो, तेवढा टाळावा.

प्रश्न : माझ्या मोबाइलमध्ये रॉची सोय आहे, पण त्यात काढलेले छायाचित्र नेहमीच्या छायाचित्रापेक्षा वाईट दिसते. असे का?
– एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर : कारण नेहमीचे छायाचित्र हे एक छायाचित्र नसते. मोबाइल एका स्पर्शात अनेक छायाचित्रे घेतो, ती एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढतो आणि नॉइज घटवतो. साधी रॉ म्हणजे त्यांपैकी एकट्या छायाचित्राची नोंद. मोबाइलमधील एका प्रचलित मापाच्या लहान सेन्सरचे क्षेत्रफळ २४ चौरस मिलिमीटरच्या आसपास असते, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरचे ३६ गुणिले २४ म्हणजे ८६४. तितक्या लहान जागेवर एका वेळी पडणारा प्रकाश थोडाच असतो आणि तो नॉइजसह उघडा दिसतो. ॲपलने २०२० साली आणलेल्या प्रोरॉसारख्या प्रकारांत ही जुळवाजुळव आधी करून मग अधिक बिटांची फाइल देतात. तिच्यात रंगांचे अंदाज बांधून झालेले असतात, त्यामुळे काटेकोर अर्थाने ती रॉ नव्हे, पण संपादनाला ती साध्या मोबाइल-रॉपेक्षा बहुतेक वेळा सोयीची पडते. शिकण्यासाठी साधी रॉ भरपूर उजेडात, मोबाइल टेकवून, सर्वांत कमी आयएसओवर घेऊन पाहावी.

प्रश्न : एका छायाचित्रस्पर्धेने निवड झाल्यावर मूळ रॉ फाइल मागितली आहे. माझ्याकडे जेपेगच आहे. एवढा अविश्वास कशासाठी?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : रॉ फाइलमधील मोजलेले आकडे नेहमीच्या संपादन-प्रणालीने बदलता येत नाहीत, केलेल्या सुधारणा सूचना म्हणून वेगळ्या लिहिल्या जातात. त्यामुळे विजेची तार पुसली गेली आहे का, दुसऱ्या चित्रातला पक्षी आणून बसवला आहे का, हे मूळ फाइलशी ताडून पाहता येते. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिम फेऱ्यांत पोचलेल्यांकडून कॅमेऱ्यातील मूळ फाइल मागितली जाते. २०१५ च्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत आलेल्या छायाचित्रांपैकी २० टक्के या तपासणीत बाद झाली. त्याच वर्षी रॉयटर्स वृत्तसंस्थेने मात्र आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेली छायाचित्रे पाठवू नका, कॅमेऱ्याने दिलेले जेपेगच पाठवा, असे कळवले. कारणे वेग आणि सचोटी अशी दोन्ही होती. रॉवरून चित्र घडवताना छायाचित्रकाराला मिळणारी मोकळीक वृत्तछायाचित्रणात किती असावी, यावर एकमत नाही, आणि मला दोन्ही भूमिका समजण्यासारख्या वाटतात.

आपल्याकडे जेपेगच असेल तर संयोजकांना तसे आताच कळवावे आणि कॅमेऱ्यातून निघालेले, कोणत्याही प्रणालीत पुन्हा जतन न केलेले जेपेग, त्याच्या लगेच आधीच्या व नंतरच्या छायाचित्रांसह पाठवण्याची तयारी दाखवावी. अनेक ठिकाणी एवढा पुरावा ग्राह्य धरतात. पुढील वेळेसाठी रॉ आणि जेपेग दोन्ही एकत्र घेण्याचा पर्याय कॅमेऱ्यात सुरू ठेवावा, आणि स्पर्धेला द्यायची रॉ फाइल डीएनजीत, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या रॉंसाठीच्या सामाईक फाइल-प्रकारात, रूपांतरित न करता कॅमेऱ्याने दिलेल्या मूळ नावासह आणि क्रमांकासह जपून ठेवावी.